रमाबाईंचे अखेरचे वर्ष

खाटेवर पडलेल्या माणसाला ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ असे ऐकवणारे कुठल्याही धर्मात भेटतात. ते क्रूर आहे. पंडिता रमाबाईंना तसे कोण म्हणेल? दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, म्हणून दुःख थांबले नाही. कानांनी साथ सोडली. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. आपल्यामागे केडगावचे मुक्ती मिशन ती सांभाळील, ही आशाही गेली. प्रकृती ढासळलेली होतीच.

अशा वेळी माणूस देवाला जाब विचारतो. बायबलमधला ईयोबही विचारतो. रमाबाईंच्या मनात काय चालले असेल ते असो. त्यांनी हातातले काम सोडले नाही. हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबल मराठीत आणायचे, तेही खेड्यातल्या साध्या बाईला समजेल असे, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे चालवले होते. अखेरची मुद्रिते तपासून झाली आणि त्या गेल्या, असे सांगतात. तारीख होती ५ एप्रिल १९२२. ग्रंथ १९२४ मध्ये मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळवले होते तिथे आसरा मिळालेल्या बायकामुलींनी.