यंत्राची पहाट



दिवसभराच्या उन्हातून आपण येथे आलात, आणि आम्ही आपणांपुढे संगणकाच्या घरातला एक तंटा मांडणार आहोत. तंटा घरातला खरा, पण तो क्षुल्लक नव्हे.

लिनक्स ही प्रणाली कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. संगणकाची कळ दाबली की तिचा गाभा प्रथम जागा होतो आणि तो एकाच कारभाऱ्यास उठवतो. त्याचा क्रमांक एक. घड्याळ, जाळे, छपाई, नोंदवही या साऱ्या सेवांना उठवणे हे या कारभाऱ्याचे काम.

जुना कारभारी लग्नघरातल्या व्यवस्थापकासारखा होता. त्याच्यापाशी क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या असत. आधी पाणी, मग चूल, मग भात. चिठ्ठी साध्या अक्षरांत असल्यामुळे चूक झाली तर जाणता माणूस ती वाचून दुरुस्त करी. परंतु पाणी भरणारा अडला की सारी पंगत खोळंबे.

२०१० साली लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी 'सिस्टमडी' हा नवा कारभारी पुढे आणला. त्याचे म्हणणे असे, की सर्वांना एकदम उठवा; ज्याला पाणी हवे तो नळापाशी थांबेल. मध्येच कोणी कोसळला तर त्याला पुन्हा उभे करण्याची सोयही त्याने केली. काम झपाट्याने होऊ लागले. पण हळूहळू नोंदवही त्याच्याकडे गेली, माणसांची ये-जा टिपणेही गेले. शिवाय ही नोंदवही नुसत्या डोळ्यांनी वाचता येईना. तिला त्याचेच अवजार लागे. एवढी सत्ता एकाच हाती का, असा प्रश्न जुन्या जाणकारांनी विचारला. त्याला नुसता हेकटपणा म्हणून चालणार नाही.

मे २०११ मध्ये 'फेडोरा १५' ने नवा कारभारी स्वीकारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फेडोराच्या कार्यकर्त्यांचे संमेलन आपल्या पुण्यात, अभियांत्रिकी महाविद्यालयात भरले. तेव्हा ही गोष्ट आपल्या उंबरठ्यापर्यंत केव्हाच आलेली आहे.

खरी कसोटी लागली ती 'डेबियन' या स्वयंसेवकांच्या संस्थेत. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिच्या आठ जणांच्या तांत्रिक समितीत मते चार-चार अशी पडली, आणि अध्यक्ष बीडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडीची निवड झाली. वाद मिटला नाही. नोव्हेंबरात प्रश्न सभासदांपुढे गेला. वेगळ्या ठरावाची गरज नाही, असा कौल आला. कित्येकांनी पदे सोडली. काहींनी 'देवुआन' नावाचे वेगळे बिऱ्हाड थाटले. त्यांना कोणी अडवले नाही, कारण मूळ सामग्री सर्वांचीच होती. २०१९ अखेरच्या मतदानात डेबियनने सिस्टमडीच कायम ठेवली, मात्र दुसरे मार्ग धुंडाळणाऱ्यांना पाठिंबा दिला.

आम्ही स्वतः नव्या पद्धतीच्या बाजूचे आहोत. तरीही आम्हांस वाटते, की या तंट्यात हरलेल्यांनी एक मोलाची गोष्ट राखली. यंत्र नुसते चालून भागत नाही. ते बिघडल्यावर सामान्य जाणकाराला उलगडता आले पाहिजे. आपल्या सहकारी संस्थेत, वाचनालयात, शाळेच्या समितीत एका मताने ठराव पास होतात. त्या वेळी हरलेल्या बाजूचे म्हणणे इतिवृत्तात राहते का, आणि वेगळे होऊ पाहणाऱ्याला दार उघडे असते का, एवढे आपण पाहावे. बहुमताने निर्णय होतो. पण संस्था टिकते ती या दोन गोष्टींवर.