निषेधासह सही



माझे शाळेतले शिक्षण थोडे. जी काही इंग्रजी येते, ती नोटिसा, करारनामे आणि पगारपत्रके चाळता चाळता आली. म्हणून आज एकाच शब्दावर बोलतो: 'प्रोटेस्ट'.

आपण त्याला निषेध म्हणतो, आणि निषेध म्हटला की डोळ्यांपुढे मोर्चा उभा राहतो. परंतु ज्या लॅटिन शब्दावरून तो आला, त्याचा अर्थ उघडपणे साक्ष देणे असा आहे. १५२९ साली जर्मनीतील स्पायर येथे काही राजांनी व शहरांनी बहुमताच्या ठरावाविरुद्ध आपले म्हणणे लेखी नोंदविले. त्यावरून 'प्रोटेस्टंट' हे नाव पडले. म्हणजे या शब्दाचा जीव आरोळीइतकाच नोंदीतही आहे.

तरुणपणी मी जालन्यात सळईच्या एका कारखान्यात होतो. काम सुटले तेव्हा हिशेबात पैसे कमी निघाले. घरात दाणा नव्हता. मुकाट्याने सही केली. पुढे तक्रार केली, तर माझीच सही माझ्यापुढे धरली गेली! त्या दिवशी एका म्हाताऱ्या कारकुनाने मला 'अंडर प्रोटेस्ट' हे दोन शब्द शिकविले. पैसे घेतो, पण हिशेब मान्य नाही, असा त्यांचा अर्थ. भुकेल्या माणसाला पैसे नाकारणे परवडत नाही. पण पैसे घेतले म्हणून त्याने हक्क का सोडावा?

जमिनीच्या बाबतीत तर कायदाच तसे सांगतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात ही अट होती आणि २०१३ च्या कायद्यातही कलम ७७ मध्ये ती आहे. निषेध न नोंदविता ज्याने मोबदला उचलला, त्याला वाढीव रकमेसाठी कलम ६४ खाली अर्ज करता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन, आणि तिची किंमत दोन शब्दांवर अडते!

आपल्याकडे या शब्दाच्या जवळ जाणारा शब्द आहे 'हरकत'. तो मूळचा अरबी. तेथे त्याचा अर्थ हालचाल. आपण मात्र दिवसातून दहा वेळा 'हरकत नाही' म्हणतो. शेजाऱ्याला खुशाल म्हणा. पण कागदावर सही-अंगठा करण्यापूर्वी मनाला विचारा, खरोखरच हरकत नाही काय? असेल तर सहीजवळ स्वच्छ मराठीत लिहा: 'रक्कम निषेधासह, हक्क राखून घेतली.' तारीख घाला. एक प्रत जवळ ठेवा.

तेवढी हालचाल केलीत, तर माझे आजचे बोलणे फुकट गेले नाही असे मी समजेन.