जनगणना आणि हजारांतील उणे

१९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता शेकडा १८ होती. २०११ मध्ये ती ७३ झाली. ही प्रगती निर्विवाद होय. परंतु सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४५ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ९१९ उरल्या. महाराष्ट्रात ८९४, बीड जिल्ह्यात तर अवघ्या ८०७! आणि गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम, १९८८ मध्ये, केला तो याच राज्याने. शिक्षण व कायदा यांना येथे पुरेसे यश आले नाही, असेच म्हणावे लागते. २०२१ ची जनगणना तर लांबणीवर पडली. गावची जन्मनोंदवही मात्र रोज उघडी असते. तीतील मुलामुलींची बेरीज पंचायतीने ग्रामसभेत वाचून दाखवावी, त्यासाठी दहा वर्षे थांबण्याचे कारण नाही.