विलंबाची किंमत

(म्हसवड येथे दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



माणदेशातल्या या दुष्काळी गावात क्षेपणास्त्रांविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. परंतु सातारा जिल्ह्यातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जात आले आहेत, आणि शस्त्रांसाठी लागणारा पैसा टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्याच्या करातूनही जातो. म्हणून या खर्चाचा हिशेब मागण्याचा अधिकार म्हसवडलाही आहे.

३ जून १९७२ रोजी ‘नीलगिरी’ ही युद्धनौका नौदलात दाखल झाली. ती मुंबईच्या माझगाव गोदीत आपल्या कामगारांनी बांधली होती. तिच्यावरील विमानविरोधी ‘सीकॅट’ क्षेपणास्त्र मात्र बेलफास्टच्या शॉर्ट ब्रदर्स कंपनीचे होते. त्याचा पल्ला जेमतेम पाच किलोमीटर आणि वेग ध्वनीहून कमी. दुर्बिणीतून पाहत, हातातील दांड्याने ते लक्ष्याकडे वळवावे लागे. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश नौदलाने ते मोठ्या संख्येने डागले, पण त्याने पाडलेली विमाने फारच थोडी निघाली. ते कालबाह्य झाल्याचे तेव्हाच उघड झाले होते. तरीही १९८७ साली ब्रिटनकडून घेतलेली ‘विराट’ आपल्या नौदलात आली, ती सीकॅटसहच.

पर्यायाचा शोध सुरू झाला नव्हता असे नाही. १९८३ साली ३८८ कोटी रुपयांचा क्षेपणास्त्र कार्यक्रम मंजूर झाला. पृथ्वी, अग्नी, आकाश, नाग यांच्याबरोबर त्यात सुमारे नऊ किलोमीटर पल्ल्याचे ‘त्रिशूल’ होते. तिन्ही दलांना ते उपयोगी पडावे, अशी अपेक्षा होती. नौदलाची गरज सर्वांत कठीण होती : लाटांलगत येणारे शत्रूचे क्षेपणास्त्र वाटेतच पाडणे. ते साधले नाही. मुदती वाढत गेल्या आणि २००८ साली प्रकल्प बंद झाल्याचे जाहीर झाले.

दरम्यान पाकिस्तानच्या नौदलाकडे हार्पून व एक्झोसे ही जहाजभेदी क्षेपणास्त्रे आली होती. अखेर २००० साली इस्रायलशी ‘बराक’चा करार झाला आणि पुढे ते ‘विराट’वरही बसले. त्या वेळी संरक्षणमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, मुंबईच्या कामगार चळवळीत घडलेले आपल्यापैकीच एक. २००६ साली केंद्रीय अन्वेषण विभागाने या व्यवहाराबद्दल गुन्हा नोंदवला. त्यात त्यांचेही नाव होते. २०१३ साली पुराव्याअभावी तपास बंद झाला.

सात वर्षे आपण दलाली घेतली कोणी, हे शोधत राहिलो. तो शोध आवश्यकच होता. परंतु मुळात इतक्या घाईने खरेदी करण्याची पाळी का आली, हा प्रश्न कोणी लावून धरला नाही. अर्थशास्त्राचा साधा नियम असा, की ज्या ग्राहकाला थांबता येत नाही त्याच्या हाती भाव राहत नाही. ही लाचारी विलंबातून येते. आणि विलंबावर आरोपपत्र दाखल होत नाही.

यावरून स्वदेशीचा नाद सोडा, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्याच कार्यक्रमातील ‘आकाश’ २०१५ साली भूदल व वायुदल या दोन्हींत रीतसर दाखल झाले. तेही उशिराच, पण ते बनवण्याची व दुरुस्त करण्याची विद्या आता येथील कामगारांच्या हाती आहे. परकी क्षेपणास्त्राचे सुटे भाग मिळणे वा न मिळणे विकणाऱ्याच्या मर्जीवर असते.

म्हणून मागणी एवढीच : कोणतेही शस्त्र घेताना ते कधी निवृत्त होणार, त्याची जागा कोण घेणार आणि ते काम कोणत्या वर्षी सुरू होणार, हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे लेखी ठेवावे. मुदत टळली, तर त्याची कारणे सभागृहात सांगावीत. तांत्रिक गुपिते गुप्त राहोत. वेळापत्रक गुप्त ठेवण्याचे कारण नाही.

आपल्या शेजारचा राजेवाडीचा तलावही ब्रिटिश अमदानीतलाच. त्यात गाळ साठला हे विहिरी आटल्यावर कळून उपयोग नसतो. तो पाणी असतानाच मोजावा लागतो. देशाच्या शस्त्रागाराचेही तसेच आहे.