चाकाच्या खुर्चीसह उजनीच्या काठापर्यंत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आजच्या दिवशी कोणी तीर्थयात्रेचे सांगते, कोणी पापड-लोणच्यांच्या हिशेबाचे. या वेळी मला एका सहलीविषयी बोलावयास सांगितले आहे. मी सातवी शिकलेली बाई, मोठे बोलणे मला जमायचे नाही. सहलही मोठी नव्हती. माढ्याहून सकाळी निघालो आणि दिवेलागणीच्या आत घरी आलो. पण बरोबर चाकाच्या खुर्चीवरचे माणूस होते, म्हणून तिच्यात सांगण्यासारखे आहे.

आपल्यातल्या पुष्कळींच्या घरी असे माणूस आहे. कोणाचे सासरे अर्धांगवायूने बसलेले, कोणाच्या आईचे खुब्याचे हाड मोडलेले. त्यांना आपण वेळेवर जेवू घालतो, औषध देतो. पण दवाखान्याखेरीज त्यांना बाहेर कधी नेले होते, हे जिने तिने आपल्या मनाशी आठवावे.

माझ्या थोरल्या वन्सं दोन वर्षांच्या असताना पोलिओने दोन्ही पायांनी गेल्या. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रोगी २०११ साली सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. पण त्या लहान होत्या तेव्हा डोस घरोघर पोचत नव्हता. आज त्यांना पंचावन्न उलटली. शिवणयंत्र हाताने फिरवून त्या पोलकी शिवतात. इथे बसलेल्या कितीतरी जणींच्या अंगावर त्यांच्याच हातची शिवण आहे.

माघ महिन्यात एके दिवशी त्या म्हणाल्या, "वहिनी, मला एकदा धरणाचे पाणी दाखव." त्याला कारण होते. आमच्या सासूबाईंचे माहेर करमाळा तालुक्यात भीमेच्या काठी होते. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि ते गाव यशवंतसागराच्या पाण्याखाली गेले. लहानपणी वन्सं आईच्या कडेवर बसून तिथे जात. धरणाचे पाणी आज वजा किती आणि अधिक किती, हे आपण रोज ऐकतो. ज्या पाण्यात आपले आजोळ आहे ते पाणी त्यांनी मात्र कधी पाहिले नव्हते.

वाट ठरली ती अशी: माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी आणि तिथून करमाळ्याच्या रस्त्याने कंदर. आता तयारीचे सांगते, कारण अशा सहलीत निम्मे काम घरीच होते.

पहिली गोष्ट गाडीची. उंच जीप अशा माणसाला कामाची नाही. खुर्चीची बैठक आणि गाडीची बैठक जवळजवळ सारख्या उंचीची हवी. म्हणून भाड्याची लहान मोटार सांगितली, आणि घडी केलेली खुर्ची मागे मावते का ते आदल्या दिवशी घालून पाहिले. पुढची बैठक मागे सरकवून वन्संना तिथे बसवले. तिथून रस्ता चांगला दिसतो. चढताना खुर्ची गाडीला तिरकी लावायची, दोन्ही चाकांचे ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या आणि दोन बैठकांच्या मध्ये गुळगुळीत फळी ठेवायची. तिच्यावरून वन्सं आपल्या हातांच्या जोरावर सरकल्या. माणसाला बखोटीला धरून ओढू नये. त्याचा खांदा दुखावतो आणि मनही दुखावते.

दुसरी गोष्ट पाण्याची आणि लघवीची. हे बोलायला आपण लाजतो, पण बायका घराबाहेर पडत नाहीत त्या बहुतेक याच भीतीने. वाटेत अडचण नको म्हणून त्या पाणीच पीत नाहीत, आणि मग मूत्रमार्गाचे दुखणे मागे लागते. आम्ही बिनबुडाची प्लास्टिकची खुर्ची, खाली ठेवायला भांडे, आडोशाला दोन जाड चादरी आणि दोरी बरोबर घेतली. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह असते, पण आधी आपण उतरून दार किती रुंद आहे, उंबरा आहे का, ते पाहावे. मगच माणसाला उतरवावे.

तिसरी गोष्ट किरकोळ सामानाची. हवेचा पंप, मऊ उशी, पाय झाकायला शाल. ज्यांच्या कमरेखाली संवेदना नसते त्यांना बसून बसून जखमा होतात आणि त्यांना ते कळतही नाही. त्यांनी दर अर्ध्या तासाला हातांवर भार देऊन अंग थोडे उचलावे, जमत नसेल तर आपण बाजू बदलून द्यावी. आणि पदर, ओढणी, शालीचे टोक चाकात जाणार नाही हे पाहत राहावे.

निघालो. कुर्डुवाडी मागे पडली, टेंभुर्णी आली. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. गाळपाच्या दिवसांत या ट्रॉल्यांमागे अंधारात दिवा नसतो, म्हणून उजेडीच परतायचे हे आधीच ठरवले होते. चहाला एका हॉटेलात थांबलो. पोऱ्याने मला विचारले, "यांना काय देऊ?" वन्संच म्हणाल्या, "यांना बिनसाखरेचा चहा दे, आणि पुढच्या वेळी यांनाच विचार." पोरगा हसला आणि चहा त्यांच्या हातात दिला. खुर्चीवरच्या माणसाचे पाय गेलेले असतात, तोंड नव्हे. हे आपण घरातही ध्यानात ठेवावे.

कंदरच्या बाजूला केळीच्या बागाच बागा आहेत. तिथली केळी परदेशी जातात. वन्संनी गाडी हळू घ्यायला लावली. पुढे आत वळून पाण्याच्या काठाशी गेलो. मऊ मातीत खुर्चीची पुढची लहान चाके रुततात. तेव्हा खुर्ची किंचित मागे कलवून मोठ्या चाकांवरच न्यावी. उतारावर खुर्ची उलटी फिरवून, आपण खालच्या अंगाला राहून, मागे मागे उतरावी.

समोर पाणीच पाणी होते. मासेमारांच्या होड्या होत्या. दूर उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते, पांढरे आणि गुलाबी. हिवाळ्यात उजनीवर हिमालयापलीकडून पट्टकादंब हंसही येतात, असे माझ्या मुलाने सांगितले. वन्सं पक्ष्यांकडे पाहत नव्हत्या. पुष्कळ वेळाने म्हणाल्या, "पळसदेवचे देऊळ पाणी उतरले की वर येते म्हणतात. मामाचे घर मातीचे होते, ते काही वर यायचे नाही." मग डोळे पुसून म्हणाल्या, "पण पाहिले ते बरे झाले. आता भाकरी काढ." तिथेच आम्ही भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा खाल्ला.

भगिनींनो, आम्ही त्यांना नेले म्हणून काही जणींनी मला "पुण्य केलेस" म्हटले. ते मला पटत नाही. आपण पंढरपूरला जातो, माहेरी जातो, तेव्हा कोणी कोणावर उपकार करत नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तारुण्यात पायांनी गेल्या. पण त्यांनी खुर्चीवर बसूनच १९८४ साली अपंगांसाठी संस्था उभी केली आणि कितीतरी जणांना आपल्या पायावर उभे केले. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने सार्वजनिक जागी खुर्ची जाईल अशी वाट ठेवणे हे कर्तव्यच ठरवले आहे. म्हणजे हा दयेचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे.

आता शेवटचे. उजनीपर्यंत आम्ही जाऊन आलो, पण आपल्या मंडळाच्या खोलीत वन्संना अजून येता आलेले नाही. बारा वर्षे त्या वर्गणी भरत आहेत. दाराशी तीन पायऱ्या आहेत. आज त्यांना म्हटले, चौघी मिळून उचलून नेतो. त्या म्हणाल्या, "उचलून नको. चाकावर येता येईल तेव्हा येईन."

मी पायऱ्या मोजल्या. प्रत्येक सहा इंचांची, म्हणजे दीड फूट उंची. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो, असा नियम आहे. म्हणजे अठरा फूट. दारासमोर तेवढी जागा मिळत नाही, पण भिंतीच्या कडेने वळवला तर उतार बसतो. गवंडीकाम आणि सिमेंटचा खर्च शिल्लक वर्गणीतून व्हावा, कमी पडेल ते आपण घरटी गोळा करावे, अशी मी आज सूचना मांडते. तिला अनुमोदन मिळावे, आणि पुढच्या वर्धापनदिनी सहलीवर बोलायला वन्संनाच बोलवावे.