मावेल तेवढा
(शिक्षकांच्या कार्यशाळेतील भाषण)

आईच्या वहीत तवसळीची कृती आहे. पिकलेले तवसे किसावे. त्यात गूळ, खोवलेला नारळ, वेलची घालावी. मग भाजलेला रवा 'मावेल तेवढा'. पाणी घालू नये. खाली-वर निखारे ठेवून भाजावे.

ही कृती छापायला देताना मी 'मावेल तेवढा' खोडून 'दोन वाट्या' लिहिले. मापाशिवाय कृती अपुरी, असे वाटले. द्यायच्या आधी करून पाहिली, तर तवसळी विटेसारखी घट्ट झाली. माझे तवसे बरेच दिवस माळ्यावर टांगलेले, पाणी आटलेले. आईचे श्रावणातले, रसरशीत असायचे. मी खोडलेला शब्द मुकाट्याने परत लिहिला.

आपल्या स्वयंपाकात फळ ठरवते, पीठ त्याच्या मागून जाते. घारग्यांत शिजलेला लाल भोपळा जेवढी कणीक सामावून घेईल तेवढीच. बरक्या फणसाच्या सांदणांतही रस पाहूनच तांदळाचा रवा. 'मावेल तेवढा' हे मापच आहे, फक्त ते दर ऋतूत नव्याने घ्यावे लागते.

विद्यार्थ्यांना घरातली एक कृती लिहून आणायला सांगा. 'अंदाजाने', 'चिमूटभर', 'हाताला लागेल इतके' या शब्दांवर लाल रेघ मारू नका. उलट विचारा: अंदाज कशावरून? मिश्रण पळीतून कसे पडते? खमंग वास कधी सुटतो? ही उत्तरे मुलांना आजीकडूनच आणावी लागतील. आजी आहे तोवर ती विचारून घेऊ या.