पक्ष आधी, सिद्धता नंतर
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"तुझ्या इंजिनिअरिंगमधलं काहीतरी सांग," असा संयोजकांचा आग्रह आहे. पुलांचे फोटो दाखवण्यापेक्षा एक चूक सांगतो.

नोकरीचं तिसरं वर्ष, पुण्यातली एक साईट. आर्किटेक्टने दुसऱ्या मजल्यावरची स्वच्छतागृहं सरकवली. सुधारित ड्रॉइंग आलं. ते माझ्या टेबलावरच राहिलं. स्टील बांधताना मुकादमांनी विचारलं, "साहेब, पाईप ह्या बीमला आडवा येतो का?" मी म्हणालो, "ड्रॉइंगप्रमाणे करा." स्लॅब भरला. बीममध्ये स्लीव्ह नव्हती आणि भोक पाडायला स्ट्रक्चरल इंजिनिअरने साफ नकार दिला. पाईप वळवून न्यावे लागले, खालच्या मजल्याचं छत खाली घ्यावं लागलं. ठेकेदाराने मुकादमांचे पैसे कापले. मी गप्प राहिलो.

आमच्या व्यवसायात अशा गप्प राहण्याची किंमत फार मोठी असू शकते. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात दोन झुलते मार्ग एकाखाली एक टांगले होते. मूळ आराखड्यात छतापासून दोन्हींतून जाणारी एकच लांब सळई होती. बांधणीच्या सोयीसाठी तिच्या दोन केल्या. दोरीला दोघे वेगवेगळे लोंबकळत होते. आता खालचा वरच्याच्या पायाला लोंबकळू लागला. वरच्या सांध्यावरचा भार दुप्पट झाला. बदललेल्या ड्रॉइंगवर मंजुरीचा शिक्का होता, पण त्या सांध्याचं गणित कोणीच केलं नव्हतं. 17 जुलै 1981 रोजी ते मार्ग कोसळले आणि 114 माणसं गेली.

त्यानंतर मी तीन सवयी लावून घेतल्या. नवं ड्रॉइंग आलं की साईटवरचं जुनं परत घेऊन त्यावर "रद्द" लिहायचं. बदल कितीही लहान असो, त्याचं गणित कोण तपासणार त्याचं नाव लिहायचं. "सगळ्यांनी बघितलं" म्हणजे कोणीच बघितलेलं नसतं. आणि साईटवरून आलेला प्रश्न तारखेसह वहीत उतरवायचा. उत्तर मिळेपर्यंत काँक्रीट भरायचं नाही.

ह्यात माझं काही नाही. आपले भूमितीचे सर पक्ष आणि साध्य लिहिल्याशिवाय सिद्धता तपासत नसत. बरोबर उत्तरालाही शून्य मिळायचं आणि आपण मागे कुरकुरायचो. काय दिलं आहे, काय काढायचं आहे, हे आधी लिहा, एवढंच ते सांगत होते. आमचं सगळं डिझाइन मॅनेजमेंट त्यातच आलं.

पुढे त्या मुकादमांची माफी मागायला गेलो, तोवर ते साईट सोडून गेले होते. म्हणून आज इथे, सरांसमोर सांगतो: सर, तेव्हा मी पक्ष लिहिला नव्हता.